त्रापानीच्या बंदरातून एरिचे: शिडाच्या सफरीतला डोंगरावरचा दिवस

एरिचे हे सिसिली बेटाच्या पश्चिम टोकावरचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले तटबंदीचे गाव. ज्या डोंगरावर ते आहे तो कोणत्याही रांगेचा भाग नाही. किनाऱ्याच्या सपाटीतून तो एकटाच वर उठतो. इतक्या उंचीवरून क्षितिज जवळजवळ १०० किलोमीटरवर, म्हणजे ५० सागरी मैलांच्याही पलीकडे जाते. त्यामुळे हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडून येणाऱ्या बोटीला किनारा दिसण्याच्या कितीतरी आधी हा डोंगर दिसू लागतो. फिनिशियन, ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन अशा सगळ्या दर्यावर्दींनी हीच खूण धरून नावा हाकल्या. पायथ्याशी त्रापानीचे बंदर आहे. तिथे बोट बांधून सकाळी वर जायचे आणि दिवे लागायच्या सुमारास परतायचे, अशी ही सहल आखता येते. तिचे वेळापत्रक मात्र घड्याळापेक्षा वाऱ्यावर ठरते. जो वारा बंदरातल्या दोरांवर ताण आणतो तोच वर रोपवे बंद पाडतो, आणि जी दमट हवा खाली नुसती चिकचिक करते तीच माथ्यावर ढग होऊन बसते.

त्रापानीकडे येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पालेर्मोकडून येणारी बोट सान व्हीतो लो कापोच्या टोकाला वळसा घालून मोंते कोफानोच्या उभ्या कड्यावरून दक्षिणेला उतरते. एगादी बेटांवरून, म्हणजे फाविन्याना किंवा लेवांझोहून, निघालेल्यांना बंदर दहा-एक सागरी मैलांवर आहे. सार्डिनिया किंवा ट्युनिशियाहून खुला समुद्र ओलांडणाऱ्यांसाठी एरिचेचा डोंगर हीच पहिली ओळख. लेवांझो आणि त्रापानी यांच्यामध्ये फोर्मिका आणि माराओने ही दोन ठेंगणी बेटे आहेत. त्यांच्या आसपास पाणी उथळ असल्याने पहिल्यांदा येणाऱ्याने हा टप्पा दिवसाउजेडी पार करावा. बंदराच्या तोंडाशी कोलोंबाया नावाच्या बेटावर जुना सागरी किल्ला उभा आहे. तो दिसला की वाट चुकत नाही. बेटांवर जाणाऱ्या फेरी आणि वेगवान हायड्रोफॉइल दिवसभर ये-जा करतात. शिडाची बोट वाऱ्यावर असली तरी अरुंद प्रवेशमार्गात त्यांना वाट देणेच शहाणपणाचे. व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर कान ठेवून, शिडे आधीच उतरवून आणि इंजिन चालू करून आत शिरावे.

कागदपत्रांचा विषय एका परिच्छेदात आटोपतो, पण तो वगळता येत नाही. भारतीय पासपोर्टवर इटलीत उतरायला शेंगेन व्हिसा लागतो. बोट मध्येच ट्युनिशियाला जाऊन परत येणार असेल तर शेंगेन क्षेत्र सोडून पुन्हा प्रवेश होतो. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा उपयोगाचा नाही. युरोपबाहेरून आलेल्या बोटीवरच्या मंडळींनी सीमा पोलिसांचा शिक्का घेतल्याशिवाय गावात फिरू नये. खलाशांची यादी, बोटीचे नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद मरीनाच्या कार्यालयात दाखवावा लागतो. त्यामुळे हे तिन्ही एका जलरोधक पिशवीत हाताशी असावेत.

बोट दिवसभर एकटी सोडायची तर बांधणी मुक्कामाच्या वेळेपेक्षा पक्की हवी. भूमध्य समुद्रातल्या बहुतेक मरीनांप्रमाणे इथेही बोट मागची बाजू धक्क्याकडे करून लावतात. पुढे नाळेला समुद्रतळाशी बांधलेला दोर घेतात आणि मागे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांना जातात. बंदर त्रापानीच्या अरुंद भूशिराच्या दक्षिण अंगाला आहे. वायव्येकडून येणारा माएस्त्राले वारा शहराच्या इमारतींमुळे थोडा अडतो, पण आग्नेयेकडचा शिरोक्को सुटला की आत पाणी हलू लागते. म्हणून नाळेचा दोर ताणून घ्यावा, मागची बाजू धक्क्यापासून हातभर तरी दूर ठेवावी आणि धक्क्यावर टाकलेली फळी उचलून घ्यावी. लाटेने बोट मागे सरकली तर ती फळीच आधी मोडते. फेंडर दोन्ही बाजूंना लावावेत, कारण शेजारची बोट दुपारी निघून जाईल आणि तिच्या जागी कोण येईल ते सांगता येत नाही. गॅसची टाकी बंद, पाण्याच्या झडपा बंद आणि तळातले पाणी उपसणारा पंप चालू, हे पाहूनच जेटीवर पाय ठेवावा. मरीनाच्या माणसाकडे आपला फोन नंबर देऊन ठेवला म्हणजे वर गेल्यावर जीव टांगणीला राहत नाही. वाऱ्याचा अंदाज वाढीचा असेल तर एकाने बोटीवर थांबावे. कोण थांबणार याचा वाद आदल्या रात्रीच मिटवलेला बरा.

जायचे की नाही हे सकाळी दोन गोष्टींवरून ठरते. एक म्हणजे हवामानाचे वृत्त. इटलीच्या किनाऱ्यावर ते व्हीएचएफच्या ६८ क्रमांकाच्या वाहिनीवर इटालियन आणि इंग्रजीत ऐकू येते. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द डोंगर. डेकवर उभे राहून मान वर केली की निम्मे उत्तर मिळते. समुद्रावरून आलेली दमट हवा या एकट्या डोंगराला अडखळून वर चढते, थंड होते आणि माथ्याशी तिचा ढग बनतो. खाली लख्ख ऊन असताना वर गावात दहा पावलांवरचे दिसत नाही, असे इथे नेहमी घडते. स्थानिक लोक या धुक्याला ‘व्हीनसचे चुंबन’ म्हणतात. पर्यटनखात्याला आवडावे असेच हे नाव. माथा नुसता पुसट असेल आणि वारा हलका असेल तर ढग बहुधा उन्हाबरोबर विरतो. शिरोक्कोचा जोर असताना टोपीसारखा बसलेला ढग मात्र दिवसभर हलत नाही. अशा दिवशी गल्ल्या पाहायला मजा येते, पण ज्यासाठी एवढे वर चढायचे तो समुद्र दिसत नाही. शक्य असेल तर दिवस बदलावा.

वर जाण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे रोपवे. २००५ साली सुरू झालेल्या या रोपवेचे खालचे स्थानक शहराच्या पूर्व भागात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. बंदरापासून ते पायी जाण्याइतके जवळ नाही. शहराची बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. पाळणा साधारण दहा मिनिटांत वर पोहोचतो आणि गावाच्या मुख्य वेशीपाशीच सोडतो. तीन गोष्टी आधी तपासाव्यात. जोराचा वारा असला की तो बंद असतो. हिवाळ्यात देखभालीसाठी काही आठवडे तो चालतच नाही. आणि एरवीही आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तो उशिरा सुरू होतो. त्रापानीहून बसही आहे. नागमोडी घाटातून जाणाऱ्या बसला वेळ जास्त लागतो, पण रोपवे थांबला तरी ती चालू राहते. याच घाटात मोटारींची डोंगरचढाईची शर्यत १९५४ पासून होत आली आहे, यावरून वळणांची कल्पना यावी. चालणाऱ्यांसाठी सांत'आन्नाच्या देवळाकडून जुनी पायवाट वर जाते. सह्याद्रीतल्या गडांवर फिरलेल्यांना ती अवघड वाटणार नाही. मात्र सावली थोडी असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये पायी चढण्याचा हट्ट धरू नये. बरेच दिवस बोटीवर काढलेल्यांना जमिनीवर उतरल्यावर जमीनच हलते आहे असे वाटते. त्या अवस्थेत उतरतीची पायवाट विशेष जपून घ्यावी.

सोबत काय घ्यावे ते उंची सांगते. शंभर मीटरला साधारण ०.६५ अंश या हिशेबाने वर खालच्यापेक्षा सुमारे पाच अंश थंड असते, आणि वारा असला तर त्याहून जास्त वाटते. बंदरावर बनियनवर बसलेल्या माणसालाही वर विंडचीटर लागते. बोटीवरचे पांढऱ्या तळाचे बूट ओल्या डेकवर चांगले असले तरी एरिचेच्या फरसबंदीवर भरवशाचे नाहीत. इथले दगड शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेले आहेत, आणि धुक्याने ओले झाले की तेलकट होतात. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घालावेत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. थोडी सुटी नाणी खिशात असावीत.

गाव त्रिकोणी आहे. पश्चिमेच्या टोकाला पोर्ता त्रापानी ही वेस, पूर्वेकडे किल्ला, आणि दोन्हींच्या मध्ये वाकड्यातिकड्या गल्ल्यांचे जाळे. दोन तासांत सगळे पायाखाली घालता येते, म्हणून बरेच जण तसेच करतात आणि दुपारच्या आत खाली उतरतात. ते घाईचे आहे. इथे पाहण्यासारखे जे आहे ते वेगवेगळ्या काळांच्या थरांत आहे, आणि थर पाहायला थांबावे लागते.

वेशीतून आत शिरताच डावीकडे मुख्य चर्च लागते. ते चौदाव्या शतकात सिसिलीचा राजा तिसरा फ्रेडरिक याच्या आश्रयाने बांधले गेले. बांधकामाचे साल १३१४ असे सांगतात. चर्चपासून थोडा सुटा उभा असलेला चौकोनी मनोरा त्याहून जुना आहे. तो मुळात घंटेसाठी नव्हता, टेहळणीसाठी होता. १२८२ ते १३०२ या वीस वर्षांत सिसिलीच्या गादीवरून अरागोन आणि आंजू घराण्यांत युद्ध चालले होते आणि समुद्रावर नजर ठेवणे हा जगण्याचा प्रश्न होता. मनोऱ्याचा अरुंद गोल जिना चढून वर जाता येते, आणि दिवसाची सुरुवात तिथूनच करावी. त्रापानीचे भूशिर विळ्यासारखे वाकलेले का म्हणतात, मिठागरांचे चौकोन कुठून कुठवर पसरले आहेत, आपली बोट ज्या वाटेने आली ती वाट कशी दिसते, हे सगळे वरून एका नजरेत उलगडते. फाविन्याना, लेवांझो आणि त्यांच्याही मागे मारेत्तिमो ही तीन बेटे रांगेने दिसतात. हवा अगदी स्वच्छ असेल तर आफ्रिकेचा किनाराही दिसतो असे सांगतात. चर्चचे अंतरंग एकोणिसाव्या शतकात नव्याने सजवलेले आहे. पिठीसाखरेच्या नक्षीसारखे ते छत सगळ्यांना आवडतेच असे नाही.

तिथून तटबंदीच्या कडेने ईशान्येकडे चालावे. पोर्ता कार्मिने आणि पोर्ता स्पादा या वेशींच्या दरम्यानची भिंत नीट पाहिली तर खालचे प्रचंड, ओबडधोबड दगड आणि वरचे लहान, घडीव दगड असा फरक दिसतो. खालचे दगड एलिमियन लोकांच्या काळातले. सिसिलीच्या या भागात ग्रीक येण्यापूर्वीपासून राहणारे हे लोक. सेजेस्ता हेही त्यांचेच नगर. नंतर कार्थेजच्या अमलात भिंतीची डागडुजी झाली. काही दगडांवर त्या काळातल्या गवंड्यांनी कोरलेली प्युनिक लिपीतली अक्षरे सापडली आहेत. नॉर्मनांनी त्याच पायावर आणखी थर चढवले. गावाला मध्ययुगीन म्हणतात ते घरांच्या आणि चर्चांच्या रचनेमुळे; पाया मात्र दोन हजार वर्षांहून जुना आहे.

दुसऱ्या टोकाचा किल्ला, कास्तेल्लो दी व्हेनेरे, नॉर्मनांनी बाराव्या-तेराव्या शतकात बांधला, तो एका देवळाच्या जागेवर आणि त्याच देवळाचे दगड वापरून. हे देऊळ दर्यावर्दींच्या देवीचे होते. फिनिशियन तिला अस्तार्ते म्हणत, ग्रीक आफ्रोदीती, रोमन व्हीनस. तिची कीर्ती अशी की रोमने इसवी सनपूर्व २१५ मध्ये आपल्या कॅपिटोलिन टेकडीवर एरिचेच्या व्हीनसचे देऊळ उभारले. प्राचीन लेखक सांगतात की वर्षातून एकदा इथली कबुतरे नाहीशी होत आणि देवी समुद्र ओलांडून आफ्रिकेला गेली असे लोक मानत. नऊ दिवसांनी कबुतरे परतली की उत्सव होई. समुद्रमार्ग आणि श्रद्धा किती एकमेकांत गुंतलेले होते, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. देवळाचे आता फारसे काही उरलेले नाही. किल्ल्यात जे पाहायचे ते कड्यावरून: उत्तरेला मोंते कोफानो आणि सान व्हीतोची दिशा, दक्षिणेला मिठागरे.

या कड्यावर उभे राहून पहिल्या प्युनिक युद्धाचा शेवटचा भाग नकाशाशिवाय समजतो, आणि शिडाच्या बोटीने आलेल्याला तो इतरांपेक्षा जास्त समजतो. इसवी सनपूर्व २४९ मध्ये खालच्या बंदरासमोरच्या लढाईत रोमन सेनापती क्लॉडियस पुल्कर हरला. शकुनाच्या कोंबड्या दाणे खाईनात म्हणून त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या, अशी कथा आहे. त्याच वर्षी रोमनांनी डोंगर मात्र जिंकला. पाच वर्षांनी कार्थेजचा सेनापती हामिल्कार बार्का, म्हणजे हॅनिबलचा बाप, अचानक चढून आला आणि मधले गाव घेऊन बसला. माथ्यावर देवळात रोमन, पायथ्याशीही रोमन, आणि मध्ये तो. वरच्यांना त्याने वेढा घातलेला आणि खालच्यांनी त्याला. त्याला रसद पोहोचवायला निघालेला कार्थेजचा ताफा मारेत्तिमोपाशी अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबला. इसवी सनपूर्व २४१ च्या मार्चमध्ये पश्चिमेचा वारा मिळताच तो निघाला. रोमन सेनापती कातुलुस याने समोरचा वारा आणि खवळलेला समुद्र अंगावर घेऊनही त्याला एगादी बेटांपाशी गाठले. कार्थेजची गलबते मालाने जड झाली होती, रोमनांनी आपली हलकी करून ठेवली होती. तिथेच युद्ध संपले. लेवांझोजवळच्या समुद्रतळातून त्या जहाजांच्या नाळेवरची कांस्याची टोके गेल्या काही दशकांत वीसहून अधिक संख्येने वर काढली गेली आहेत. फाविन्यानाला जाणाऱ्यांनी तिथल्या जुन्या टुना कारखान्यातल्या संग्रहालयात ती पाहावीत.

किल्ल्यालगतची बाल्योची बाग एकोणिसाव्या शतकात काउंट अगोस्तिनो पेपोली याने लावली. दुपारी बसायला गावात याहून चांगली सावली नाही. संग्रहालयाची आवड असेल तर कॉर्दिची संग्रहालयात आंतोनेल्लो गाजिनीचे १५२५ सालचे संगमरवरी शिल्प आहे. एरवी गल्ल्यांतच वेळ घालवावा. भिंती बाहेरून मुक्या असतात, पण उघड्या दारातून आतले अंगण आणि कुंड्या दिसतात. ती घरे आहेत, प्रदर्शन नव्हे. आत डोकावण्यापूर्वी विचारावे. जुन्या मठांच्या काही इमारतींत १९६३ पासून एत्तोरे मायोराना वैज्ञानिक केंद्र चालते, जिथे जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ जमतात. अण्वस्त्रांविरुद्धचे १९८२ चे एरिचे निवेदन इथूनच निघाले. त्याच्या कर्त्यांत पॉल डिरॅक होते.

खाण्याच्या बाबतीत एरिचेची कीर्ती गोडावर आहे, आणि ती मठांतून आलेली आहे. बंदिस्त मठांतल्या जोगिणी बदामाचे पदार्थ करून विकत. त्यांच्या हातची विद्या मारिया ग्रामातिको बालपणी सान कार्लोच्या अनाथाश्रमात शिकल्या आणि पुढे त्यांनी गावातच दुकान काढले. बदामाच्या गराची रंगीत फळे दिसायला सुंदर असली तरी पहिला मान जेनोव्हेझेला द्यावा: खुसखुशीत पारीत कस्टर्ड भरून भाजलेली, वर पिठीसाखर भुरभुरलेली, गरम असतानाच खायची. शाकाहारी मंडळींनी अंडे चालते का ते आधी ठरवावे, कारण कस्टर्ड अंड्याचे असते. जेवणाला बदाम, लसूण, टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बेसिलची चटणी घातलेली बुझियाते ही पीळदार शेवई मागवावी. बहुधा ती निर्मांस मिळते, तरी विचारावेच. माशाच्या रश्शातला कुसकुस हा अरबांचा वारसा. तो मात्र वर न खाता संध्याकाळी खाली त्रापानीत खावा. बंदरात मासळी ताजी आणि दर कमी.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान चर्च आणि लहान दुकाने बंद राहतात. म्हणून मनोरा आणि चर्च सकाळी, जेवण आणि बाग दुपारी, किल्ला आणि तटबंदीचा उरलेला भाग संध्याकाळी, असा क्रम सोयीचा. सूर्य एगादी बेटांकडे कलतो तेव्हा पश्चिमेची बाजू पाहण्याजोगी असते. ऑगस्टच्या मध्यावर, विशेषतः १५ तारखेच्या सुट्टीच्या आसपास, गर्दी फार. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी गावदेवतेचा, कुस्तोनाचीच्या मादोन्नाचा, उत्सव असतो. तो पाहायचा असेल तरच त्या दिवशी जावे. मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे समुद्रासाठी चांगले महिने डोंगरासाठीही चांगले.

परतीचा शेवटचा पाळणा आणि शेवटची बस यांच्या वेळा वर पोहोचताच पाहून ठेवाव्यात. वारा वाढू लागला तर शेवटच्या पाळण्याची वाट न पाहता उतरावे. रोपवे अचानक थांबला की सगळी गर्दी बसकडे धावते, आणि खाली बोटीच्या दोरांनाही तोच वारा लागलेला असतो. बोटीवर पोहोचल्यावर आधी नाळेचा दोर आणि फेंडर पाहावेत, मग जेवणाचा विचार.

पश्चिम सिसिलीत जमिनीवर घालवायला एकच दिवस असेल तर निवड बहुधा एरिचे आणि सेजेस्ता यांच्यात होते. सेजेस्ताचे डोरिक देऊळ स्थापत्य म्हणून एरिचेतल्या कोणत्याही वास्तूपेक्षा सरस आहे. पण तिथे जायला गाडी लागते, आणि तिथून बंदर दिसत नाही. माथ्यावर ढग नसेल तर एरिचे निवडावे. ढग असेल तर सेजेस्ता.